शाळेतला समता गट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात, पाचवी ते दहावीच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. शाळेतला भेदभाव टिपून त्यावर उपाय शोधणाऱ्या मुलांच्या समता गटाची वहीही गेली काही वर्षं माझ्याच कपाटात असते. वही साधीच, दोनशेपानी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. आसपासच्या शाळांतली मुलं, त्यांचे शिक्षक आणि अधूनमधून एखादे वैतागलेले पालक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे नियम आहे तिथे नियम सांगितला आहे, बाकी सगळा आमचा अनुभव.

समता गट म्हणजे आणखी एक ‘दिन’ साजरा करायचा का?

नाही. दिन आपल्याकडे भरपूर आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाई, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब, २६ जूनला शाहू महाराज, २६ नोव्हेंबरला संविधान. हार, दोन भाषणं, चॉकलेट, संपलं. गटाचं काम त्यानंतरच्या तासाला सुरू होतं.

आमच्या वहीतली पहिलीच नोंद सांगते. परिपाठात सगळी मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात. त्यात ‘दर्जाची व संधीची समानता’ असे शब्द आहेत. एक दिवस आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, हे म्हणून झालं की झाडू आमच्याच हातात कसा येतो?” मग चार जणांनी आठवडाभर फक्त लिहून काढलं, वर्ग कोणी झाडला. सहाही दिवस मुली. मुलं त्या वेळी घंटा देणं, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडणं, बाहेरून चहा आणणं असली फिरण्याची कामं करत होती. असा नियम कोणीच केलेला नव्हता. मुख्याध्यापकांना कागद दाखवला तर ते म्हणाले, “असं आहे होय?” त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

आता हजेरीच्या क्रमांकाने रोज चौघं झाडतात. पहिल्या आठवड्यात काही मुलांनी धूळ एका बाकाखालून दुसऱ्या बाकाखाली ढकलली. घरी कधी केर काढलाच नव्हता, तर येणार कुठून? दुसऱ्या आठवड्यात जमलं.

हे शिक्षकांचं काम नाही का? मुलांनी यात कशाला पडायचं?

शिक्षकांचं काम आहेच. पण शिक्षक वर्ग समोरून बघतो, तुम्ही आतून बघता. मधल्या सुट्टीत कोणाचा डबा कोणी घेत नाही, कोणाच्या बाटलीला कोणी तोंड लावत नाही, सहलीच्या दिवशी कोण नेमकं ‘आजारी’ पडतं, हे स्टाफरूममधून दिसत नाही. तुम्हाला ते पहिलीपासून माहीत असतं. फक्त ते सांगण्यासारखं असतं हे माहीत नसतं.

दुसरं, हा तुमचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडता आलं पाहिजे आणि वयानुसार त्याला वजन दिलं गेलं पाहिजे. भारताने १९९२ मध्ये हा करार मान्य केला. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना स्वीकृत सदस्य म्हणून घेतात. बऱ्याच ठिकाणी ही मुलं फक्त सही करायला बोलावली जातात, ही गोष्ट वेगळी. तुमच्या शाळेतली ती मुलं कोण, हे आधी शोधा. आमच्याकडच्या एकाला तर आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं.

मुलांच्या बोलण्यानं कधी काही झालंय का?

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ नावाचा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी होती, वय साधारण चौदा. आपल्या लोकांना काय सोसावं लागतं ते तिनं लिहिलं आणि जो धर्म आपल्याला वाचायचाही अधिकार देत नाही तो आपला कसा, असं सरळ विचारलं. मी दर वर्षी नववीच्या वर्गात तो निबंध वाचून दाखवते. वर्ग शांत होतो. मग कुणीतरी हमखास विचारतं, “ती आपल्याएवढी होती?”

दुसरं उदाहरण आमच्या भागातलं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, कामंही मुलंच करायची. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. भाऊरावांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या काळात शिवाशिव पाळली जायची त्या काळात शेजारच्या ताटाला ताट लावून रोज जेवायला बसली ती पोरं होती, आणि सुट्टीत घरी गेल्यावर त्याचा जाब द्यावा लागला असेल तोही त्यांनाच.

सुरुवात कशी करायची?

चार-पाच जण, एक वही, एक आठवडा. पोस्टर नको, घोषणा नको. आधी मोजा.

आमच्या मुलांनी मैदान मोजलं. मधल्या सुट्टीत दर पाच मिनिटांनी व्हरांड्यातून बघायचं, कोणत्या भागात कोण आहे. संपूर्ण मैदानावर क्रिकेट, आणि मुली कडेच्या लिंबाच्या झाडाखाली उभ्या. मुलांचं म्हणणं, “त्यांना खेळायचंच नसतं.” मुलींना विचारलं तर “बॉल लागतो, म्हणून येत नाही.” आठवड्यातले दोन दिवस मैदान मुलींचं ठरलं. पहिल्या दिवशी त्या लिंबाखालीच उभ्या राहिल्या! सवय आहे ती. तिसऱ्या आठवड्यात खो-खोचा डाव लागला आणि मग त्यांना हटवणं अवघड झालं.

एक पथ्य पाळा. वहीत कुणाचंही नाव लिहायचं नाही. ‘एक मुलगा’, ‘सातवीतली एक मुलगी’ एवढंच. वही कुणाच्याही हाती पडू शकते.

जातीबद्दल बोलायचं की नाही? घरचे म्हणतात, विषयच काढू नको.

विषय तुम्ही काढायच्या आधीच शाळेत आलेला असतो. नव्या मुलाला नाव विचारल्यावर लगेच “पूर्ण नाव सांग” असं का म्हणतात, हे तुम्हाला समजतं ना? बास.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आम्ही शिक्षकच करत होतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की भर वर्गात पुकारायचं, “मागासवर्गीय मुलांनी उभं राहा.” हेतू वाईट नाही, घाई असते, केंद्रप्रमुखांचा फोन आलेला असतो. पण साठ डोळे त्या उभ्या राहिलेल्या नऊ जणांकडे वळतात. गटातल्या एका मुलानं मला हे लिहून दिलं. तोंडी सांगायचं धाडस त्याला झालं नाही, आणि माझ्याच्यानं तो कागद पुन्हा वाचवला नाही. आता वर्गशिक्षक घडी घातलेली चिठ्ठी देतात किंवा थेट पालकांना कळवतात. खर्च शून्य.

तसंच ‘आरटीईवाली मुलं’ हे नाव. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेला बसवता येत नाही, असं नियमच सांगतात. ‘आरटीईवाला’ म्हणून हाक मारणं हीसुद्धा वेगळं बसवण्याचीच एक तऱ्हा आहे, फक्त बाक तोच राहतो.

“त्यांना फी नाही, मग आम्हाला का?” हा प्रश्न येतो. तो विचारणाऱ्याला गप्प करू नका. बऱ्याचदा त्याच्याही घरी फीची ओढाताण असते. दोन वेगळे प्रश्न आहेत ते, दोन्हींवर बोला.

दिवाळीनंतर येणाऱ्या मुलांचं काय?

ऊसतोडीच्या मुलांबद्दल विचारताय. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात, कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि आमच्या पटावर पंधरा-वीस नावं वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये ती जातात. मधल्या काळात ही मुलं शेवटच्या बाकावर पाहुण्यासारखी बसून असतात. त्यांना वह्या उशिरा मिळतात, गॅदरिंगच्या नाचात त्यांना कोणी घेत नाही, कारण “ते कुठे राहणार आहेत?”

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलायचा हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण मुलांनी करायचं काम कायद्याच्या बाहेरचं आहे. आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलाला एक जोडीदार मिळतो. तो पाण्याची टाकी दाखवतो, कोणत्या सरांच्या तासाला उशीर चालत नाही ते सांगतो, झालेला धडा दाखवतो. महिनाभरानंतर जोडीदाराची गरज उरत नाही.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन वर्गात यायची. आई-बाप पहाटेच फडात. भाऊ रडला की ती उठून बाहेर जायची, आणि चार दिवसांनी यायचीच बंद झाली. तिच्या जोडीदारणीला कारण माहीत होतं, आम्हाला नव्हतं. शेजारच्या अंगणवाडीत त्याची सोय झाली. पहिले दोन दिवस तो ताईला सोडेना, म्हणून जोडीदारीण आणि ती आळीपाळीने अंगणवाडीच्या दारात बसल्या. त्या मुलीचं त्या दोन दिवसांतलं गणित बुडालं, ते नंतर भरून काढलं.

आमच्या शाळेत रॅम्प आहे. म्हणजे दिव्यांग मुलांची सोय झाली ना?

टेप आणा आणि मोजा. साधा हिशोब असा, एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. आमचा व्हरांडा दीड फूट उंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प हवा. क्रीडाशिक्षकांचा टेप घेऊन मुलांनी मोजला तर भरला नऊ. चढ इतका उभा की एका मुलानं व्हीलचेअर ढकलून पाहिली आणि मागे सरकत खाली आला. शिवाय रॅम्पवर शिक्षकांच्या तीन मोटारसायकली लावलेल्या. त्यातली एक माझ्या नवऱ्याची, जी मी त्या दिवशी आणली होती. मोटारसायकली दुसऱ्याच दिवशी हलल्या. रॅम्प लांब व्हायला दीड वर्ष गेलं, कारण त्याला पैसे लागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातले बरेचसे बाहेरून दिसत नाहीत. वाचताना अक्षरं उलटसुलट होणारा मुलगा ‘आळशी’ म्हणून मार खातो, तोही यात येतो.

आणखी एक काम फक्त मुलंच करू शकतात, लेखनिक होणं. दहावीच्या दिव्यांग परीक्षार्थीला लेखनिक मिळतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. नववीतल्या मुलांनो, हे सोपं नाही. समोरचा सांगेल तेच लिहायचं. त्याचं उत्तर चुकतंय हे कळत असूनही पेन तेच उतरवणार. आम्ही जानेवारीपासून सराव घेतो. आमची एक लेखनिक सरावात इतकी अस्वस्थ झाली की तिनं खोकून खूण केली. तिला समजावावं लागलं की ही मदत नाही, दोघांचाही पेपर रद्द होईल.

आमच्या बोलीवरून चिडवतात.

या गुन्ह्यात मी स्वतः आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा ‘पानी’ म्हणाला आणि मी फळ्यावर ‘ण’ काढून अख्ख्या वर्गाकडून दहा वेळा म्हणवून घेतला. तो मुलगा वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडून काही बोलला नाही. प्रमाण मराठी शिकवणं माझं कामच आहे, पण ती बोली बंद पाडून शिकवायची नसते.

आता गट दर वर्षी बोलीकोश करतो. एका वस्तूला घरी काय म्हणतात ते प्रत्येकानं लिहायचं. बीडचा शब्द, कोल्हापूरचा शब्द, गावाबाहेरच्या पालांवरच्या पारधी मुलांचा शब्द, बिहारहून आलेल्या मजुराच्या मुलीचा शब्द. माहिती असणाऱ्याला त्या दिवशी भाव असतो, आणि तो बहुधा शेवटच्या बाकावरचा असतो.

पाळीबद्दल मुलांसमोर बोलायचं का?

हो. आधी मुलींना विचारून. आमच्याकडे पॅडचा डबा बाईंच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी रजेवर असले की सगळं बंद. मुलींनी डबा स्वच्छतागृहात ठेवायला लावला आणि झाकणाची बादली मागितली. बादली मंजूर व्हायला पॅडपेक्षा जास्त दिवस लागले, का ते मला आजही समजलेलं नाही.

मुलगा थोडा बायकी वागतो म्हणून त्याला छळतात. यात पडायचं का?

पडायचं. तो कसा चालतो, कसा बोलतो, हा त्याचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र लिंगओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदाही झाला. पण तो मुलगा कोण आहे याचे अंदाज बांधणं हे गटाचं काम नाही. एकजण त्याच्या शेजारी जाऊन बसला तरी अर्धा छळ थांबतो.

चिडवणाऱ्याला गटानं शिक्षा द्यायची का?

मुळीच नाही. एका वर्षी आमच्या गटाला तो मोह झाला. लाल फिती बांधून मुलं मधल्या सुट्टीत ‘गुन्हेगार’ शोधायला लागली. आठवड्यात निम्मी शाळा गटाच्या विरोधात गेली, आणि ती बरोबर होती. फिती काढून घेतल्या. शिक्षकांनाही मारण्याचा किंवा मानसिक त्रास देण्याचा अधिकार कायद्यानं ठेवलेला नाही, तर तुम्हाला कुठून येणार?

कुणी गंभीर गोष्ट सांगितली तर? हात लावणं, मारहाण, घरातली काही भानगड?

ऐका, “तुझी चूक नाही” म्हणा, आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. “कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. लैंगिक छळाची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने बंधनकारक आहे, शाळेची बदनामी वगैरे कारण चालत नाही. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, राज्य सरकारनं २०२२ मध्ये तसा निर्णय काढला आहे. तक्रारपेटीही हवी. ती कोण आणि कधी उघडतं ते विचारून घ्या. शाळेत कुणाशीच बोलता येत नसेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. अशा गंभीर गोष्टीबद्दल वहीत काहीही लिहायचं नाही.

पालक म्हणतात, हे राजकारण आहे.

त्यांना बैठकीला बोलवा. आमच्याकडे एक आजोबा रागावून आले होते. नातवाच्या हातात झाडू बघून. त्यांना आम्ही बालभारतीचं २०१९ मध्ये आलेलं दुसरीचं पुस्तक दाखवलं, त्यात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसतात. आजोबांचं काही समाधान झालं नाही. “पुस्तकात काहीही छापतात,” म्हणाले. पण नातू झाडत राहिला, आणि आजोबा पुन्हा आले नाहीत.

मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत.

‘समता गट’ हे नाव अडचणीचं होत असेल तर सोडून द्या. मीना राजू मंच, बालसभा, शालेय मंत्रिमंडळ, जे आधीपासून कागदावर असेल त्यातच काम सुरू करा. जाताना तक्रार नेऊ नका, मोजलेला आकडा आणि एक फुकटातला उपाय न्या.

याचे गुण मिळतात का?

नाही.

दहावीची मुलं गेली की गट बंद पडतो. काय करायचं?

आमचा दोनदा पडला. म्हणून आता दर मार्चमध्ये दहावीची मुलं शेवटच्या पानावर अर्धवट राहिलेली कामं लिहून आठवीच्या ताब्यात वही देतात. यंदाच्या पानावर तीन ओळी आहेत. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नाही. सहलीचे पैसे हप्त्यानं घेता येतील का, सरांना विचारायचं राहिलं. पाण्याच्या टाकीचा तिसरा नळ उंच आहे, पाचवीच्या पोरांचा हात पोहोचत नाही, वीट ठेवली होती, ती कोणीतरी नेली.